लवादाचे सोंग

पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर वाद सुरू झाला की तो बहुधा वचनांच्या हिशेबात अडकतो. ब्रिटनने आधी शब्द दिला तो अरबांना की ज्यूंना? १९१५-१६ साली मक्केचे शरीफ हुसेन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हेन्री मॅकमहॉन यांनी अरब स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ केला; मात्र त्यात पॅलेस्टाइन येते की नाही, यावर पुढे अनेक वर्षे वाद घालता यावा इतकी त्यांची भाषा निसरडी होती. मे १९१६ मध्ये सायक्स-पिको कराराने ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तुर्कांचा अरब मुलूख आपसांत वाटून घेतला. २ नोव्हेंबर १९१७ रोजी परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या ‘राष्ट्रीय निवासभूमी’ला अनुकूलता जाहीर केली. त्या दिवशी जेरुसलेमवर अंमल तुर्कांचाच होता. तेव्हा वचन आधी कोणाला दिले, हा खरा प्रश्न नव्हेच. जी भूमी आपली नाही, ती देण्याचा अधिकार ब्रिटनला कोठून मिळाला, हा खरा प्रश्न आहे.

बाल्फोर घोषणेचे शब्द नीट वाचण्याजोगे आहेत. तेथील ‘बिगर-ज्यू समाजां’च्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही, असे ती सांगते. राजकीय हक्कांचा तीत उच्चार नाही आणि अरब हे नावही नाही. १९२२ च्या शिरगणतीत सुमारे साडेसात लाख वस्तीपैकी ज्यू होते ८४ हजार, म्हणजे अकरा टक्के. उरलेल्या जवळजवळ नऊ-दशांश जनतेची ओळख ती काय नाही, एवढ्यावरूनच करून देण्यात आली! तेथील रहिवाशांची इच्छा विचारण्याचा आपला विचार नाही, हे बाल्फोर यांनी १९१९ च्या एका सरकारी टिपणात स्वतःच लिहून ठेवले आहे. या घोषणेला सरकारच्या आतून कडवा विरोध केला तो एडविन माँटेग्यू या ज्यू मंत्र्यांनीच. पॅलेस्टाइन ही ज्यूंची भूमी ठरली की इतर देशांतील ज्यू आपल्याच देशात परके ठरतील, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट १९१७ मध्ये भारताला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा करणारे भारतमंत्री ते हेच.

युद्धानंतर राष्ट्रसंघाने ब्रिटनला पॅलेस्टाइनचे ‘मँडेट’ दिले. स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत लोकांना साहाय्य करायचे, ही त्यामागची जाहीर कल्पना. ब्रिटनकडेच सोपविलेला इराक १९३२ साली निदान नावापुरता तरी स्वतंत्र झाला. पॅलेस्टाइनला मात्र तीस वर्षांच्या ब्रिटिश अमलात एकही निवडलेले विधिमंडळ मिळाले नाही. कारण उघड होते : बहुमताला मत मिळाले असते, तर त्याने पहिला ठराव ब्रिटिश धोरणाविरुद्ध केला असता. १९२२ च्या योजनेत हाय कमिशनर, दहा सरकारी सभासद आणि बारा निवडलेले सभासद होते. त्या बारांतही आठ मुसलमान, दोन ख्रिस्ती, दोन ज्यू अशी धर्मवार वाटणी. विभक्त मतदारसंघांचे जे हत्यार १९०९ मध्ये भारतात वापरले गेले, त्याचीच ही बहीण. अरबांनी १९२३ ची निवडणूक बहिष्काराने हाणून पाडली. १९३५ च्या अखेरीस पुन्हा एक योजना आली. या वेळी झायनवादी नेत्यांनी ती नाकारली, ब्रिटिश पार्लमेंटात तिच्यावर टीकेची झोड उठली आणि ती बारगळली. पाठोपाठ एप्रिल १९३६ मध्ये अरबांचा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप आणि उठाव सुरू झाला. मतपेटी बंद राहिली की रस्ता बोलू लागतो, हे समजायला ब्रिटिश मुत्सद्द्यांना भारतातील अनुभव पुरेसा असायला हवा होता.

ही लढाई केवळ दोन राष्ट्रवादांची नव्हती. तिच्या मुळाशी जमीन होती. बैरूतच्या सुरसुक घराण्यासारख्या दूर राहणाऱ्या जमीनदारांनी जेझरील खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी झायनवादी संस्थांना विकल्या. पैसा जमीनदाराच्या खिशात गेला आणि पिढ्यान् पिढ्या कसणारी कुळे देशोधडीला लागली. नव्या जमिनींवर ज्यू मजूरच लावायचा, असा दंडक होता. तो राबविण्यात ‘हिस्ताद्रुत’ ही ज्यू कामगारांची संघटना आघाडीवर होती. कामगार एकजुटीचे निशाण घेऊन शेजारच्या कामगाराला कामावरून दूर ठेवणारी संघटना कितीही लाल रंगात रंगवली, तरी तिचा समाजवाद अर्धवटच म्हटला पाहिजे.

पण नाण्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. युरोपातून पळणारा ज्यू हा काही साम्राज्याचा शिपाई नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ लावून घेतले होते आणि १९३८ च्या एव्हियाँ परिषदेत बहुतेक राष्ट्रांनी सहानुभूतीपलीकडे काही दिले नाही. युरोपच्या पापाचे प्रायश्चित्त अरब शेतकऱ्याने घ्यावे, हा न्याय नव्हे. पण जीव वाचविणाऱ्या निर्वासिताला शत्रू मानणे हाही न्याय नव्हे. १९२९ मध्ये हेब्रॉनला साठाहून अधिक ज्यूंची कत्तल झाली, तिचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या दाखल्याने होऊ शकत नाही. अरबांचे नेतृत्व बड्या घराण्यांच्या हाती राहिले, हेही ब्रिटिशांच्या सोयीचेच होते. पुढे बर्लिनला जाऊन हिटलरशी हातमिळवणी करणाऱ्या अमीन अल्-हुसेनी यांना १९२१ मध्ये जेरुसलेमचे मुफ्ती नेमले ते ब्रिटिश हाय कमिशनरनेच.

समाजवाद्यांना अधिक बोचावे असे प्रकरण ब्रिटिश मजूर पक्षाचे आहे. १९३० मध्ये वसाहतमंत्री लॉर्ड पासफील्ड, म्हणजे फेबियन विचारवंत सिडनी वेब, यांनी श्वेतपत्रिका काढून भूमिहीन अरबांची दखल घेतली. चार महिने होतात न होतात तोच त्यांच्याच पक्षाचे पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी एका पत्राने तिचा गाभा काढून टाकला. १९४४ मध्ये त्याच पक्षाने ठराव केला, की ज्यू येत जातील तसतसे अरबांना बाहेर जाण्यास उत्तेजन द्यावे. पुढच्याच वर्षी सत्ता हाती आल्यावर त्याच पक्षाचे सरकार छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंची जहाजे अडवू लागले. लोकांऐवजी साम्राज्याच्या नकाशाकडे पाहून ठरविलेले धोरण असेच दोन्हींकडे लाथा झाडते.

हा सारा गोंधळ हतबलतेतून झाला, असे म्हणणारे सुएझ कालवा विसरतात. किर्कुकचे तेल नळांतून हैफा बंदरात येत होते, हेही विसरतात. भांडण मिटले असते, तर लवादाला खुर्ची सोडावी लागली असती. १९३७ मध्ये पील कमिशनने फाळणी सुचवली आणि गरज पडल्यास सक्तीने लोकांची अदलाबदल करण्याचीही शिफारस केली. प्रस्तावित ज्यू राज्यात सव्वादोन लाख अरब होते. अरब राज्यात ज्यू अवघे साडेबाराशे! या कमिशनचे एक सभासद प्राध्यापक कूपलँड १९४२ मध्ये भारतात क्रिप्स शिष्टमंडळाबरोबर काम करीत होते, हे आपण ध्यानात ठेवावे. १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंचा प्रवेश पाच वर्षांत ७५ हजारांवर बांधला, तो नेमका युरोपात मरण दारात उभे असताना.

फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाच्या गळ्यात बांधला. तेथील चौकशी समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी एका संघराज्याची योजना मांडली. ती बाजूला पडली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिले; तीस वर्षे राज्य करणारे ब्रिटन तटस्थ राहिले! मे १९४८ मध्ये ते निघून गेले. मागे युद्ध उरले आणि सात लाखांहून अधिक अरब निर्वासित झाले.

याहून वेगळे काही शक्य होते काय? एप्रिल १९४६ मध्ये टपाल, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतील हजारो अरब व ज्यू कामगार एकाच संपात खांद्याला खांदा लावून उभे होते. ती एकजूट फार काळ टिकली नाही. पण असे काही घडूच शकत नाही, हे म्हणणे तिने खोटे ठरविले. म्हणून कार्यकर्त्यांनी जुन्या वचनांची पाने चाळत बसू नये. हक्क कोणा साम्राज्याच्या पत्रातून जन्मत नाहीत. त्या भूमीवर राहणाऱ्या आणि तेथून हाकलल्या गेलेल्या प्रत्येक माणसाला समान हक्क मिळतो की नाही, हीच प्रत्येक तोडग्याची कसोटी. तिला जो उतरणार नाही, तो तोडगा कोणीही मांडला तरी जुन्या लवादाचेच नवे सोंग समजावे.