न फेडता मिळते ती क्षमा

इच्छापूरला इच्छादेवीच्या पायऱ्यांवर नवस फेडायला आलेली माणसं पाहिली आणि मनात आलं, नवस फेडता येतो. चूक कशी फेडायची? वडील गेले, त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या. कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात १८५८ साली जन्मलेल्या, आईवडिलांबरोबर पायी तीर्थं हिंडलेल्या. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी मनाला शांती नव्हती. ती मिळाली आठ वर्षांनी. क्षमा कमवायची नसते, ख्रिस्ताने ती आधीच दिलेली आहे, आपण फक्त हात पुढे करायचा, हे त्यांना तेव्हा उमगलं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला.

माझ्याकडे कुणी माफी मागायला आलं, तर हिशेब मांडायचा नाही, एवढं मी ठरवलं आहे.