लिहिण्याचे पैसे मिळतात, लिहायला पैसे भरायचे नसतात



पालकसभा संपली, सगळे उठले, पण अकरावीतल्या एका मुलीची आई मागे थांबली. गुणांबद्दल विचारतील असं वाटलं. त्यांनी मात्र मोबाइल पुढे केला आणि हळू आवाजात विचारलं, "सर, हे खरं असतं का हो?"

जाहिरात होती: घरबसल्या लेखन करा, शंभर पानं लिहा, वीस हजार मिळवा. बाईंनी नोंदणीचे १,४९९ रुपये भरले होते. दिवसभराची कामं उरकून रात्री जागून पानं लिहिली, पाठवली. उत्तर आलं की अचूकता ९८ टक्के भरली नाही, त्यामुळे मोबदला नाही. वर करारभंगाची नोटीस. पाच हजार भरा, नाहीतर कोर्टात या. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

मी त्यांना सांगितलं, एक रुपयाही आणखी भरू नका. पावती, नोटीस, बोलण्याचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यांना जरा धीर आला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: "मग लिहिण्याचं खरं काम मिळतं तरी कुठं?"

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं मराठी शिकवतोय आणि मराठी लिहून चार पैसे कसे मिळतात हे माहीत नाही, याची लाज वाटली. त्यानंतर शोधाशोध केली, काम देणाऱ्यांशी आणि करणाऱ्यांशी बोललो. त्यातून बनलेलं माझं मत आज तुमच्यासमोर ठेवतो.

पुस्तकात आहे, पण आपण शिकवत नाही

अकरावीची युवकभारती उघडून बघा. मुद्रितशोधन, अनुवाद, अनुदिनी म्हणजे ब्लॉगलेखन, सूत्रसंचालन. बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. आता ऑनलाइन कोणती लेखनकामं मिळतात ते बघा. कुणाला पुस्तकाचं मुद्रितशोधन हवंय, कुणाला अॅपमधल्या सूचनांचा मराठी अनुवाद, कुणाला यूट्यूबच्या व्हिडिओची संहिता, एखाद्या संस्थेला वार्षिक अहवाल, दुकानदाराला माहितीपत्रक. यादी जवळजवळ तीच आहे!

आणि आपण हा भाग कसा शिकवतो? वर्षाच्या शेवटी, घाईत, "मुद्दे पाठ करा, गुण सुटतात" असं सांगून. मुद्रितशोधनाच्या खुणा मुलांना तोंडपाठ असतात, पण हातात चुकांनी भरलेलं खरं पान कधी येत नाही. निबंधाचं तर विचारूच नका. तयार निबंध आपणच पुरवतो आणि मुलं तो उतरवून काढतात. मग बारा वर्षं शिकूनही स्वतःचं म्हणावं असं एक पान त्यांच्याकडे नसतं. खरं काम मागायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो: "तुम्ही लिहिलेलं काही दाखवा."

काम मागून नाही, दाखवून मिळतं

"मला काम द्या, मी काहीही लिहीन" असा मेल कुणी वाचत नाही. एका विषयावरचे तीन चांगले नमुने हवेत. ते छापून आलेले नसले तरी चालतात. स्वतःच्या ब्लॉगवर असोत, नाहीतर मराठी विकिपीडियावर लिहिलेल्या लेखात. तिथं पैसे मिळत नाहीत, पण संदर्भ देऊन लिहायची सवय लागते आणि आपलं काम लोकांना बघता येतं.

विषय आपल्या जगण्यातला निवडावा. 'पाण्याचे महत्त्व' यावरचा लेख आता संगणक मिनिटात लिहून देतो, त्याचे पैसे कोण देणार? या बाईंच्या घरी डाळिंबाची बाग आहे, सांगोल्याकडची. मृग बहार धरायचा की हस्त, तेल्या रोग दिसायला लागला की घरात कशी पळापळ होते, हे त्यांना डोळ्यांसमोर आहे. मी त्यांना म्हटलं, जाहिरातवाल्याची शंभर पानं उतरवून काढलीत, आता स्वतःची दोन पानं लिहा.

तयारीच्या दोन गोष्टी मात्र हव्यातच. एक, युनिकोडमध्ये टंकलेखन. जुन्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल समोरच्याच्या संगणकावर निव्वळ अगम्य चिन्हं होऊन उघडते आणि काम तिथंच जातं. मोबाइलवर बोलून लिहिलं तरी हरकत नाही, फक्त नंतर ओळ न् ओळ तपासा. दुसरी, शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे अठरा नियम परीक्षेपुरते नाहीत, मुद्रितशोधकाची ती भाकरी आहे.

शोधायचं कुठं?

अपवर्क, फाइव्हर ही नावं मुलांनी ऐकलेली असतात. तिथं जगभरचे लोक काम टाकतात, पण मागणी मुख्यतः इंग्रजीची आणि स्पर्धा मोठी. अनुवाद करणाऱ्यांसाठी प्रोझ नावाचं वेगळं संकेतस्थळ आहे. मराठीचं काम मात्र बऱ्याचदा थेट विचारून मिळतं. अनुवाद संस्था, प्रकाशक, शेती किंवा आरोग्यावरचे यूट्यूब चॅनेल, श्राव्य कथा बनवणाऱ्या कंपन्या, सामाजिक संस्था. पाच ओळींचा मेल, एक नमुना, बस्स.

इथं एक बारकावा समजून घ्या. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' लागतात, ते कधी विकत घ्यावे लागतात. फाइव्हर आपल्या कमाईतून २० टक्के कापून घेतं, म्हणजे हजाराचं काम केलं तर हातात आठशे. हे शुल्क उघड लिहिलेलं असतं आणि त्या बदल्यात कामाची हमी कुणी देत नाही. जो हमी देतो आणि त्यासाठी आधी नोंदणी, अनामत किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

हिशेब आणि करार

समजा, शब्दाला ५० पैसे मिळाले. आठशे शब्दांचे चारशे रुपये. माहिती जमवायला दोन तास, लिहायला तीन, दुरुस्तीला एक. सहा तासांचे चारशे म्हणजे तासाला सदुसष्टसुद्धा नाहीत. सुरुवातीला एखाददुसरं काम असं करावं, पण तासाचा हिशेब वहीत मांडावा. दर वाढवून मागायचं बळ त्या वहीतून येतं. नमुना म्हणून दोनशे शब्दांचा अनुवाद फुकट मागितला तर समजू शकतो, अख्खा लेख फुकट मागितला तर नम्रपणे नाही म्हणावं.

काम सुरू करण्याआधी मेलवर लिहून घ्या: किती शब्द, कधी द्यायचे, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कधी आणि लेखाचा हक्क कुणाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हाच सर्वसाधारणपणे पहिला हक्कदार असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. सही करण्याआधी एवढं तरी वाचावं.

एक काम आपण नाकारायला हवं

शोधताना एक जाहिरात वारंवार दिसेल: असाइनमेंट, प्रकल्प, प्रबंध लिहून देणारे हवेत. पैसे बरे असतात. गरजू माणसाला मोह होईल, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आपण शिक्षक आहोत. ज्या मुलाला लिहायला शिकवायचं, त्याच्याच नावानं आपण लिहून द्यायचं, हे कसं चालेल? पालकांनाही तेच सांगणं आहे. मुलाचा प्रकल्प दुकानातून लिहून आणता, तेव्हा त्याच्या हातातली एक कमाईची कला तुम्ही काढून घेता.

मग वर्गात काय करायचं?

फार मोठं काही नाही. मुद्रितशोधन शिकवताना गावातल्या लग्नपत्रिका, बँकेची सूचनापत्रकं, दुकानांच्या पाट्यांचे फोटो वर्गात आणा. माहितीपत्रक शिकवताना खऱ्या बचतगटासाठी लिहायला लावा. वर्षाअखेर प्रत्येक मुलाकडे स्वतःची तीन पानं असावीत, आपण तपासलेली, त्यानं पुन्हा लिहिलेली. आणि एक तास असा काढा, ज्यात फसवी जाहिरात फळ्यावर लिहून मुलांनाच तिच्यातल्या खोट शोधू द्या. वृत्तलेखाच्या मुद्द्यांइतकाच हा तासही भाषेचाच आहे. शब्दांनीच फसवलं जातं, तर शब्द वाचता यायला नकोत का?

लेखनावर लगेच घर चालेल असं मी कुणालाही सांगणार नाही. त्या बाईंनी तेल्या रोगावर दोन पानं लिहिली, मुलीनं ती टाइप केली, शुद्धलेखन मी बघितलं. पाच ठिकाणी मेल गेले. तिघांचं उत्तर नाही, एकानं नाही कळवलं, एका शेतीविषयक चॅनेलनं एक संहिता मागितली. तिचे आठशे रुपये आले.

गेलेले १,४९९ अजून भरून निघालेले नाहीत. पण परवा मुलगी वर्गात विचारत होती, "सर, आईच्या दुसऱ्या संहितेत 'फवारणी'ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ?" शुद्धलेखनाचा प्रश्न गुणांसाठी नव्हे, कामासाठी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला.