रंगीत काच आणि चष्म्याचा नंबर

मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा असो, वा डिचोलीच्या तांबड्या धुळीतून माणसे पोचविणारा मोटारसायकल पायलट असो, ज्याचा दिवस उन्हात जातो त्याला काळ्या चष्म्याने सुख वाटावे हे स्वाभाविक आहे. मात्र त्या सुखातून एक समजूत रूढ झाली आहे: गडद काच लावली की नंबराची काच लागत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली आकुंचन पावते. लहान छिद्रातून आलेल्या प्रकाशाचे चित्र रेखीव उमटते, म्हणून थोडा नंबर असलेल्या मनुष्यालाही भर उन्हात बिनचष्म्याने बरे दिसते. काळी काच लावताच बाहुली विस्फारते आणि झाकलेला दोष उघडा पडतो. मघाशी वाचता आलेली बसची पाटी आता धूसर दिसते, आणि बोल मात्र काचेला लागतो. शिवाय काच अतिनील किरण अडविणारी नसेल, तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून तेही अधिक आत शिरतात. काळेपणा निराळा, ही गाळणी निराळी. पॉलिकार्बोनेटचे रंगहीन भिंगसुद्धा हे किरण अडविते.

मग रंगाने नंबर बदलतो काय? अगदी किंचित. डोळ्यात हिरवा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक वळतो, त्यामुळे तांबड्याचे चित्र थोडे मागे पडते. तपासणीच्या वेळी तांबड्या-हिरव्या पाटीवरील अक्षरे दाखवितात ती याचसाठी. दूरचे न दिसणाऱ्याला तांबड्यावरची ठळक दिसली, तर उणे नंबर अजून अपुरा आहे. या दोन रंगांतील अंतर सुमारे अर्ध्या डायॉप्टरचे. करड्या वा तपकिरी काचेने तेवढाही फरक पडत नाही. तेव्हा नंबर स्वच्छ काचेवर काढून घ्यावा, आणि त्याच नंबराचे भिंग रंगवून घ्यावे.

जाड नंबरवाल्यांनी आणखी एक पाहावे. रंग काचेतच मिसळलेला असेल, तर उणे नंबराची काच कडेला आणि धन नंबराची मध्यभागी अधिक काळी होते. प्लास्टिकच्या भिंगाला रंग वरून चढवितात; तेथे ही अडचण नाही.

तेरेखोलच्या वा शापोऱ्याच्या पाण्यावरची तिरीप पोलराइज्ड काच खरोखरच मारते. उन्हात आपोआप गडद होणारी काच मात्र अतिनील किरणांनी गडद होते, आणि मोटारीची पुढची काच तेच किरण बहुतांशी अडविते. म्हणून मोपाच्या टॅक्सीवाल्याला ती गाडीत फिकीच राहिलेली आढळेल.

रात्री कोणताही रंग नको, पिवळाही नको. समोरच्या दिव्यांची तिरीप सौम्य भासते खरी, परंतु एकंदर प्रकाश घटतो, आणि रस्त्यात बसलेली गुरे उशिरा दिसतात.