दुर्गुणांना गुण

मराठीच्या पेपरात दुष्ट माणसाचा भाव ठरलेला आहे. एका दुर्गुणाला एक गुण. 'लोभी' लिहिलं की एक, 'कपटी' लिहिलं की दुसरा, आणि 'पाषाणहृदयी' हा शब्द शुद्ध लिहिला तर तपासनीस खूश होऊन तिसरा देतो. सज्जन पात्राच्या बाबतीत जरा तरी विचार करावा लागतो, कारण सज्जनपणाला पुरावा मागतात. दुष्टाला पुरावा लागत नाही. तो दुष्ट आहे म्हणून तर त्याला नाटकात घेतलेलं!

माझी एक पुतणी साताऱ्याला दहावीत शिकते. परीक्षा जवळ आली की सांगलीला मला तिचा फोन येतो. मी मराठीचा माणूस म्हणून घरात बदनाम आहे.

"काका, कांचनभटाचे चार दुर्गुण झालेत. प्रश्न पाच गुणांचा आहे. 'क्रूर' आणि 'निर्दय' वेगळे धरतात का हो?"

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'मधला एक उतारा त्यांच्या शाळेनं पूरक वाचनाला लावला होता. पैशासाठी पोटची पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, म्हणजे हा कांचनभट. गाइडात त्याचं 'स्वभावचित्र' तयार होतं आणि खाली ठळक टायपात तात्पर्य होतं, की कांचनभट हा समाजाला लागलेला कलंक आहे. म्हणजे पाहा, समाज बिचारा मुळात धुतल्या तांदळासारखा. हा एक डाग तेवढा कुठून तरी उडाला!

"नाटक वाचलंस का गं?"

"नाटक कशाला? स्वभावचित्र वाचलंय ना."

माझं भांडण सुरू होतं ते इथून. पुतणीशी नव्हे. ती शहाणी आहे; जिथं दुर्गुण मोजून गुण मिळतात तिथं तिनं मोजदाद करावी हेच बरोबर. भांडण आहे ते असला प्रश्न काढणाऱ्यांशी आणि त्याचं उत्तर छापून विकणाऱ्यांशी. दुष्ट माणूस ओळखायची ही जी रीत ते शिकवतात, ती मराठी नाटकानं केव्हाच मोडीत काढलेली आहे. आणि तीही आमच्या सांगलीच्याच माणसानं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर'चा खेळ केला. त्या काळच्या पौराणिक खेळांतला राक्षस यायचा तो तोंड रंगवून, राळेचे भपके उडवीत, 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत. पहिल्या रांगेतल्या पोरापासून शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत सगळ्यांना कळायचं, की आला राक्षस. फार सोयीचा प्रकार होता. असा राक्षस आपल्या ओळखीचा, नात्याचा, भाऊबंद असण्याची शक्यताच नव्हती.

मग देवल आले. हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. जमिनीखालच्या पेवांतून जिथं हळद साठवायचे, ते हरिपूर. हळदीच्या गावच्या या माणसानं हळद लागण्यावरचं नाटक लिहिलं आणि १८९९ साली ते रंगभूमीवर आलं. देवलांनी राक्षसाचं तोंड स्वच्छ धुतलं, त्याला पंक्तीत आपल्या शेजारच्या पाटावर आणून बसवलं आणि प्रेक्षकांना म्हणाले, ओळखा! गेली सव्वाशे वर्षं आमची गाइडं त्या धुतलेल्या तोंडाला पुन्हा रंग फासत बसली आहेत.

आता एकट्या कांचनभटाकडून हे लग्न होणार होतं का, याचा जरा विचार करा. पंचाहत्तरी गाठलेले भुजंगनाथ हवेत. स्थळ जुळवणारे भद्रेश्वर दीक्षित हवेत. मंगलाष्टकं म्हणायला गळे हवेत, अक्षता टाकायला हात हवेत, जेवायला पंगत हवी. नवऱ्यामुलाच्या तोंडात दात नाहीत, हे त्या मांडवात कुणाला दिसत नव्हतं असं थोडंच आहे? आणि ते लग्न शेवटी मोडतं कशानं? मुलगी रडते म्हणून? नवरा आजोबाच्या वयाचा आहे म्हणून? छे! कोदंड नावाचा तरुण जिवाचा आटापिटा करतो, पण लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाले म्हणून. वयातला फरक चालत होता. गोत्र सारखं निघालं तेव्हा मात्र धर्म बुडाला! आणि मोडल्या लग्नाची ती पोर पुढे जीव द्यायला निघते.

देवलांचा खरा फटका आहे तो इथं. गोत्र वेगळं असतं तर मंडळी जिलबी खाऊन, विडा तोंडात घालून घरी गेली असती. पण 'मांडवातल्या मंडळींचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न मी कुठल्याही पेपरात पाहिलेला नाही. कांचनभटाचे पाच दुर्गुण लिहिले की बाकीचे पाचशे लोक आपोआप निर्दोष सुटतात. पाच गुणांत पाचशे माणसं सोडवून आणणारा वकील आमच्या कोर्टातसुद्धा नाही.

यावर काही विद्वान मला म्हणतात, "म्हणजे कांचनभटाची बाजू घ्यायची की काय? मुलांनी खलनायक समजून घेतला तर त्यांना तो आवडायला लागेल." वा! मग वैद्यानं पटकी समजून घेऊ नये, त्याला पटकी आवडायला लागेल. अहो, समजून घेणं निराळं आणि सोडून देणं निराळं. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आठवा. आमच्या सांगलीच्या खाडिलकरांनी 'भाऊबंदकी'त १९०९ साली त्यांना रंगभूमीवर उभं केलं. शास्त्रीबुवांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पण त्याआधी चौकशी केली. 'दादा हे लोभी, कपटी व सत्तापिपासू आहेत, सबब गुण पाच' असा निवाडा काही दिला नाही. चौकशी करून दिलेली शिक्षा जड असते. गाइडातल्या शिव्या हलक्या असतात. कांचनभटालाही त्या लागत नाहीत आणि वाचणाऱ्यालाही लागत नाहीत.

खरं सांगायचं तर खलनायकाकडे बघून 'अरेच्चा, हा मीच तर नव्हे?' असं विचारणारा एकच गिऱ्हाईक आपल्या रंगभूमीला भेटला. तो म्हणजे इंग्रज सरकार. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली आलं. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि सरकारलाही दिसला. १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. बंदी वाईटच, पण पात्राचा अभ्यास म्हणाल तर अव्वल! आम्ही मात्र 'शारदा' बघतो, कांचनभटाला शिव्या देतो आणि मध्यंतरात बटाटेवडा खाताना मुलीसाठी आलेल्या स्थळाच्या बागायतीची चौकशी करतो.

"पण हे सगळं जुनं झालं हो," असंही कुणी म्हणेल. कायदा झाला की! झाला. १९२९ साली मुलींसाठी चौदा वर्षांचा झाला. तो मांडणारे हरविलास सारडा अजमेरचे, त्यामुळे कायद्याचं नाव पडलं शारदा कायदा. आमच्या शारदेशी त्याचा संबंध नावापुरताच. १९७८ साली मुलींचं वय अठरावर गेलं, २००६ साली आणखी कडक कायदा आला. कायदा आपल्या जागी आहे. आता माझ्या पुतणीच्या वर्गातली गोष्ट ऐका.

दिवाळीनंतर तिच्या बाकावरची मैत्रीण शाळेत येईना. स्थळ आलं होतं म्हणे. घरचंच, चांगलं, हुंडा नको म्हणणारं. मी म्हटलं, "अगं, मग हा कांचनभटच झाला की."

पुतणी रागावली. "काही काय काका! तिचे बाबा खूप चांगले आहेत. सहलीला आम्हां सगळ्यांना चिक्की दिली होती त्यांनी."

झालं ते हे असं झालं. पाच दुर्गुण पाठ असलेल्या मुलीला समोरचा कांचनभट दिसेना, कारण तो चिक्की वाटत होता. लोभी नाही, कपटी नाही, पाषाणहृदयी तर नाहीच. मुलीच्या काळजीनं झोप उडालेला चारचौघांसारखा बाप. गाइडाच्या यादीत तो कुठल्याच आकड्याखाली बसेना.

सुदैवानं वर्गाच्या बाईंनी गाइड बाजूला ठेवलं होतं. त्या त्या घरी गेल्या, बापाला शिव्या न देता दोन तास बसल्या, कायदा काय म्हणतो तेही सांगितलं आणि मुलीला घेऊन आल्या. मुलगी आता परीक्षेला बसते आहे. बाईंनी तिथं गोत्र विचारलं नव्हतं, वय विचारलं होतं.

हेच आमच्याकडे पूर्वीही एकदा झालेलं आहे. १९४३ ते ४६ या काळात साताऱ्याला पत्री सरकार होतं आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. नाना पाटलांच्या त्या मंडळींनी गावोगाव कमी खर्चाचे गांधी विवाह लावले. एकेका बापाला कलंक ठरवत बसण्यापेक्षा त्यांनी सरळ मांडवालाच हात घातला.

म्हणून परीक्षा मंडळींना माझी एक नम्र सूचना आहे. 'कांचनभटाचे स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी विचारा, 'शारदेच्या लग्नाच्या मांडवात तुम्ही कुठे बसला असता आणि केव्हा उठला असता?' गुण पाच.

मला ठाऊक आहे, पुढच्या जूनपर्यंत गाइडवाले त्याचंही उत्तर पाच मुद्द्यांत छापतील आणि पोरं ते घडाघडा पाठ करतील. करू देत. निदान उठायचं तरी पाठ होईल.