पहिल्याच भागात हरणारा मार्शल

नायक पहिल्याच भागात हरतो. तेही भर रस्त्यात, समोरासमोर. १० सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेत सीबीएसवर ‘गनस्मोक’ ही वेस्टर्न मालिका सुरू झाली ती ‘मॅट गेट्स इट’ या भागाने. प्रेक्षकांना ओळख करून द्यायला जॉन वेनसारखा बडा नट पडद्यावर आला. मार्शलचं काम मात्र तेव्हा फारसं नाव नसलेल्या जेम्स आर्नेसने केलं. मालिका वीस वर्षं चालली, भाग झाले ६३५.

गोष्ट अर्ध्या तासाची. डॅन ग्रॅट नावाचा बंदूकबाज डॉज सिटीत येतो आणि त्याला पकडायला आलेल्या शेरीफचा मुडदा पाडतो. मार्शल मॅट डिलन त्याला आडवा जातो नि गोळी खाऊन कोसळतो. डॉक्टर त्याला कसाबसा वाचवतो. पडल्या पडल्या डिलनच्या लक्षात येतं, की ग्रॅट दरवेळी समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहतो. म्हणजे हात चपळ, पण नेम कच्चा! दुसऱ्या खेपेला डिलन अंतर राखतो. ग्रॅट पिस्तूल आधी काढतो आणि त्याचा नेम चुकतो. डिलनचा चुकत नाही.

गोळीबाराच्या मालिकेत गोळीबार डोक्याने जिंकायचा, ही खरी करामत. त्यासाठी ना पल्लेदार संवाद लागले, ना पार्श्वसंगीताचा दणदणाट.

जयसिंगपूरकरांना डॉज सिटी तशी परकी वाटू नये. तिथे १८७२ मध्ये रेल्वे पोचली, टेक्सासची गुरं गाडीत चढायला येऊ लागली आणि पैशाच्या वासाने नाना तऱ्हेची माणसं जमली. जयसिंगपूरही रेल्वेच्या आधाराने वाढलेली पेठ: राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेली, त्यांचे वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाची, सरळ आखलेल्या नि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची. इथे पिस्तुलं निघत नाहीत हे बरंच आहे. लढाई होते ती उसाच्या दरावरून, आणि तिची हाक ऊस परिषदेत दिली जाते.

एका बैठकीत संपणारी गोष्ट मराठी टीव्हीला जमली नाही असंही नाही. बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ दूरदर्शनवर पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवरच चालली. शिवाजी साटम तिच्यात होते. पुढे याच जोडीने हिंदीत ‘सीआयडी’ गाजवली. आज संध्याकाळी कुठलीही मराठी वाहिनी लावा, एकेका लग्नाचा मांडव आठवडेच्या आठवडे उतरत नाही.

एक स्टेशन, एक बाजारपेठ, एक फौजदार आणि दर आठवड्याला एक पुरी गोष्ट. जयसिंगपूरच्या शिरोळ तालुक्यात अशी मालिका चित्रित करायला घोडेही लागणार नाहीत. मराठी वाहिन्यांनी एकदा करून पाहावी, आणि पहिल्या भागात फौजदाराला खुशाल हरू द्यावं.