मौजेचें गांव, कंटाळ्याचें गांव

गेल्या पौषांत आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब अमेरिकेहून ढोकीस आला होता. त्याचा बारा वर्षांचा मुलगा नमस्कार करून आमच्यासमोर बसला. अमेरिकेंत पाहण्यासारखीं शहरें कोणतीं, असें आम्हीं त्यास विचारलें. मास्तरकीची खोड म्हातारपणींहि जात नाहीं. मुलगा खुलला. ऑर्लँडो सर्वांत मौजेचें, न्यूयॉर्क त्याच्या खालोखाल, लास व्हेगस मोठ्या माणसांस आवडतें, आणि आपण राहतों तें गांव अगदींच कंटाळवाणें, असा निवाडा त्यानें दिला. "आणि ढोकी?" आम्हीं विचारलें. त्यानें बापाकडे पाहिलें. बापानें डोळे वटारले. "ढोकी चांगली आहे, आजोबा," मुलगा म्हणाला, आणि आम्हांस काय तें उत्तर मिळालें.

लास व्हेगस हें नेव्हाडाच्या वाळवंटांत १९०५ सालीं आगगाडीमुळें वसलेलें गांव. १९३१ सालीं त्या राज्यानें जुगार कायदेशीर केला आणि गांवाचें नशीब पालटलें. ऑर्लँडोची कीर्ति १९७१ सालीं डिस्नेची क्रीडानगरी उघडल्यापासूनची. म्हणजे मौज ही तेथें साखरेसारखी कारखाना घालून काढलेली वस्तु आहे. आम्ही तिची निंदा करीत नाहीं. जत्रेच्या पाळण्यांत आम्हीहि बसलों आहोंत. परंतु आमच्या वाचकांच्या घरांतून अमेरिकेस जातात ते पुष्कळदां वडीलधारे, लेकीसुनांच्या बाळंतपणासाठीं. त्यांची तक्रार निराळीच असते. घर प्रशस्त, पण रस्त्यावर माणूस दृष्टीस पडत नाहीं. मोटार हांकतां येत नसेल तर कोथिंबिरीच्या जुडीसाठींहि मुलगा कामावरून येईपर्यंत वाट पाहावी. सहा महिने असे काढून आलेले आमचे एक स्नेही म्हणतात, "अमेरिकेंत आम्हीं एक कांच पाहिली." ज्यांचीं मुलें न्यूयॉर्क किंवा बोस्टन येथें असतात, जेथें पायीं हिंडतां येतें आणि भुयारी गाडींत बसून दूरवर जातां येतें, तीं मंडळी मात्र परत आल्यावर महिनाभर बोलावयाचीं थांबत नाहींत.

मुलाच्या आईस आम्हीं विचारलें कीं, पोकीप्सी पाहिलें काय? त्यांनीं नांवहि ऐकलें नव्हतें. न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या कांठाकांठानें जाणारी आगगाडी सुमारें दोन तासांत या गांवीं पोंचते. तेथील स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, डॉ. आनंदीबाई जोशी यांची रक्षा आहे. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी घेऊन आनंदीबाई परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनीं त्यांस परदेशांत पोटच्या पोरीप्रमाणें वागविलें, त्यांजकडे ती रक्षा पाठविण्यांत आली. "न्यूजर्सींत आम्ही चार वर्षें होतों," बाई म्हणाल्या, "आम्हांला कोणीच सांगितलें नाहीं."

हे शब्द त्यांनीं सहज उच्चारले. आमच्या मनांतून मात्र ते जाईनात. सांगण्याचेंच काम आम्हीं जन्मभर केलें. ढोकीस बसून काय सांगितलें, तर शिकागो धान्य आणि मांसासाठीं, पिट्सबर्ग पोलादासाठीं, डेट्रॉइट मोटारींसाठीं. हा बापहि तें आमच्यापुढें उभा राहून घडाघडा म्हणत असे. शाळेच्या सहली आम्हीं वेरूळास नेल्या, पन्हाळ्यास नेल्या. तेरास एकहि नेली नाहीं. तेर जवळ होतें. कधींहि जातां येईल, म्हणून राहिलें.

दुसरे दिवशीं सर्वांस घेऊन आम्ही तेरास गेलों. मोटारीनें घटकाभराची वाट. तेरणेच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितलें आहे. येथून जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून आडरानांतून भडोचच्या बंदरास जात असे. तें तगर म्हणजे हें तेर, असें फ्लीट या पंडितानें १९०१ सालीं प्रतिपादिलें. कोंकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपणांस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. वाचकांनीं समास सोडवून पाहावा. राज्य कोठें सह्याद्रीपलीकडे, आणि तोरा मिरवावयाचा तो या गांवाच्या नांवाचा!

त्रिविक्रमाच्या देवळांत मुलगा कंटाळला, हें लपविण्याचें कारण नाहीं. देऊळ विटांचें, मागील बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचें तें बौद्धांचें चैत्यगृह असावें, असें विद्वान् मानतात. हें आम्हीं सविस्तर सांगितलें, अंमळ जास्तच सविस्तर. उत्तरेश्वरापाशीं त्याचें लक्ष विटांकडे गेलें. तेरच्या जुन्या विटांपैकीं कांहीं इतक्या हलक्या आहेत कीं पाण्यावर तरंगतात, हें ऐकून तो विहिरीकडेच निघाला, आवरावें लागलें. लामतुरे संग्रहालयांत मात्र तो रमला. या गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पांढरींतून वेचून जमविलेल्या मण्यांचा, मातीच्या बाहुल्यांचा, नाण्यांचा हा संग्रह. तेरास हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली आहे. तिच्याच वळणाची दुसरी १९३८ सालीं इटलींत पाँपेईच्या राखेखालून निघाली. तें शहर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीनें गाडलें, म्हणजे ती मूर्ति त्यापूर्वींच हिंदुस्थानांतून समुद्रपार गेलेली. "तिला बोटीनें किती दिवस लागले असतील?" मुलानें विचारलें. वाऱ्याचा हंगाम, तांबडा समुद्र, उंटांचे तांडे, असें बोलत आम्ही दोघे बाहेर पायरीवर बसलों, तों गोरोबाकाकांच्या देवळांतील मंडळी आम्हांस शोधीत आली.

परततांना बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गुरुजी, मी दहा वर्षें तुमच्या हाताखालीं होतों. हें माझ्या मुलाबरोबर पहिल्यांदा पाहिलें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ढोकीचें स्टेशन आलें तेव्हां आम्हीं अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाइटची गोष्ट काढली. १९११ पासून ती चिमुकली गाडी लातुरापर्यंत जात असे. रुंद रुळांपायीं ती गेली. ती असती तर केवळ तिच्यांत बसावयास लोक आले असते. परंतु विषय बदलण्यासाठीं काढलेली गोष्ट फार वेळ चालत नाहीं.

मुलानें निघतांना विचारलें, "आजोबा, ह्या सगळ्याचा नकाशा नाही का?" त्यांच्याकडे लहानशा गांवांतहि पाहुण्यांसाठीं छापील पत्रक ठेवलेलें असतें म्हणे. तो नकाशा आम्हीं आतां काढावयास घेतला आहे: ढोकीचें स्टेशन, तेरची वाट, तेरणा, देवळें, संग्रहालय. पहिली प्रत मुलाकडे पाठविली होती. त्याचें उत्तर आलें आहे कीं, नकाशा चांगला आहे, पण पिण्याचें पाणी आणि शौचकूप कोठें हें आधीं दाखवा. पाण्याची खूण आम्हीं घातली. दुसऱ्याविषयीं चौकशी चालू आहे.