ओटीपी म्हणजे शिक्कामोर्तब

इंदूरच्या पेढ्यांवर हुंडीचा व्यवहार चालत असे त्या काळी हुंडीच्या प्रत्येक प्रकाराला त्याच्या कामावरून नाव होते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहाच्याच हाती पडत. म्हणजे पुढे काही घोटाळा निघाला तर कोणाच्या दारी जायचे ते आधीच ठरलेले असे. मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’ लिहून घ्यायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. ज्या हुंडीचे पैसे चुकते झाले ती ‘खोका’. ही परिभाषा शाळेत कोणी शिकवीत नसे, पण पैसा कोणाकडून निघाला, कोणाकडे पोहोचणार आणि मध्ये जोखीम कोणाची, एवढे त्या शब्दांच्या वापरातूनच माणसाला कळून येई.

आज त्याच सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन आपण भ्रमणध्वनी पुढे करतो, ठेल्यावरचे छोटे यंत्र हिंदीत रक्कम ओरडून सांगते आणि व्यवहार पुरा होतो. यूपीआय ही व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. इतक्या थोड्या वर्षांत ती पोहेवाल्यापासून सुवर्णकारापर्यंत सर्वांच्या अंगवळणी पडली, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र शब्द अंगवळणी पडले नाहीत. ओटीपी, पिन, केवायसी, क्यूआर, लिंक, एपीके ही सारी अक्षरे आपण दिवसभर उच्चारतो आणि त्यांचा अर्थ विचारला की त्यांचे इंग्रजी विस्तारित रूप सांगून मोकळे होतो. ‘वन टाइम पासवर्ड’ हे कळल्याने सत्तर वर्षांच्या गृहिणीला नेमके काय कळले?

आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना हा अनुभव नवा नाही. तपासणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणताच रडू लागलेले नातेवाईक प्रत्येक डॉक्टरने पाहिले आहेत, आणि ‘पॉझिटिव्ह’ ऐकून हात जोडणारेही. तेथे आपण शब्दाची व्युत्पत्ती सांगत बसत नाही. ‘ज्याची भीती होती ते सापडले नाही’ असे सांगतो. संगणकयुगातील शब्दांनाही हीच रीत लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्दाचा विस्तार नको, शक्यतो भाषांतरही नको. तो शब्द माझ्या पैशाचे, माझ्या कागदपत्रांचे काय करतो तेवढे सांगावे.

भाषांतराला माझा तात्त्विक विरोध नाही. ‘संगणक’ रुळला, ‘संकेतस्थळ’ही बऱ्यापैकी रुळले. पण फसविणारा माणूस ‘ओटीपी सांगा’ असेच म्हणतो, ‘एककालिक संकेतांक सांगा’ असे म्हणत नाही. जो शब्द घाला घालताना वापरला जातो, तोच शब्द ओळखता आला पाहिजे.

तर ओटीपी. आपल्या भाषेत त्याच्यासाठी एक चपखल शब्द शतकानुशतके पडून आहे : शिक्कामोर्तब. जुन्या मोडी पत्रांत मस्तकी शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब होई, म्हणजे त्याखाली कोणाला काही भर घालता येऊ नये. ओटीपी हे एका व्यवहारापुरते मोर्तब आहे. तो आकडा दिला की कागद पक्का झाला. आता विचार करा, मोर्तब करण्यापूर्वी वरचा मजकूर न वाचणारा कारभारी किती दिवस टिकला असता? कार्डाने खरेदी करताना येणाऱ्या संदेशात बहुधा रक्कम आणि ती कोणाला जाणार हे लिहिलेले असते. आपण चष्मा लावून सहा आकडे तेवढे वाचतो. ती ओळ वाचायची राहते. माझ्या मते घरातील ज्येष्ठांना ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे शंभरदा बजावण्यापेक्षा ‘आकड्याआधीची ओळ मोठ्याने वाचा’ हे एकदा शिकविणे अधिक गुणकारी ठरेल.

‘पासवर्ड’साठी आपण वापरतो तो ‘परवलीचा शब्द’ हाही मोठा बोलका शब्द आहे. परवलीचा शब्द पहारेकरी विचारतो आणि आपण त्याच्या दाराशी गेल्यावर विचारतो. आपल्याच दाराशी येऊन कोणी आपल्याला तो विचारू लागला, तर तो पहारेकरी नव्हे, हे गडावरच्या पोरालाही कळले असते. बँकेचे ॲप आपण उघडले आणि त्याने शब्द मागितला, ठीक. बँकेच्या नावाने फोन आला आणि त्याने मागितला, तर दिशाच उलटी झाली.

यूपीआयच्या पिनलाही अशी दिशा आहे. खात्यातली शिल्लक पाहणे सोडले, तर पिन पैसे देण्यासाठीच लागतो. घेण्यासाठी कधीही लागत नाही. ‘पैसे जमा करतो, फक्त पिन टाका’ या वाक्यातच खोटेपणा उघडा पडतो. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठविण्याची जी सोय होती, तिचा याच कामी गैरवापर झाला आणि अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद करण्यात आली. क्यूआर म्हणजे तर नुसता पत्ता. तो चौकटीत छापलेला असला म्हणून खराच असेल असे नाही. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच प्रदेशातील खजुराहोत काही दुकानांवरच्या चिठ्ठ्यांवर रात्रीतून दुसऱ्याच खात्याच्या चिठ्ठ्या डकविल्याचे उघडकीस आले होते. पत्ता वाचला की पडद्यावर नाव उमटते, ते पाहावे. आणि आमच्या व्यवसायबंधूंसाठी विशेष : ‘मी सैन्यातील अधिकारी बोलतो, जवानांची तपासणी करावयाची आहे, आगाऊ रक्कम पाठवितो, हा क्यूआर स्कॅन करा’ असे फोन देशभर अनेक दवाखान्यांना आणि प्रयोगशाळांना आले आहेत. क्यूआर स्कॅन करून पैसे येत नाहीत, जातात.

केवायसीची गंमत वेगळीच आहे. ‘आपल्या ग्राहकाला ओळखा’ ही आज्ञा बँकेला उद्देशून आहे. त्यातला ‘आपल्या’ हा बँकेचा. व्याकरण पाहिले तरी कळते की हे कर्तव्य तिचे आणि त्यासाठी माहिती देण्याचे काम आपले. तेही आपण शाखेत जाऊन किंवा बँकेच्या स्वतःच्या ॲपवरून करावयाचे. ‘आज रात्री खाते बंद होईल’ अशा संदेशातील लिंकवरून नव्हे. एपीके या तीन अक्षरांबद्दल एवढेच सांगतो की, लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फायलीच्या नावाशेवटी ती असतील तर ती पत्रिका नाही. ते फोनमध्ये शिरू पाहणारे एक ॲप आहे. वधूवरांना दुरूनच आशीर्वाद द्यावेत.

आता ज्या शब्दासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. ‘डिजिटल अरेस्ट’. यातला प्रत्येक शब्द सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच जोडशब्द धोक्याचा झाला. २०२४ साली इंदुरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील (आपण अजून त्याला ‘कॅट’च म्हणतो) एका कर्मचाऱ्याला असेच भय घालून सुमारे ७१ लाख रुपयांना लुबाडल्याची बातमी आली, तेव्हा ‘अडाणी लोक फसतात’ हा आपला लाडका समज मोडायला हवा होता. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या प्रकारावर सविस्तर सांगितले.

भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४३ वे कलम सांगते की, माणूस शब्दाने वा कृतीने स्वाधीन झाला नसेल तर अटक करताना अधिकाऱ्याने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श केला पाहिजे किंवा त्याला अडविले पाहिजे. ३६ व्या कलमानुसार अटकेचा लेखी पंचनामा व्हावा लागतो, आणि त्यावर कुटुंबातील माणसाची किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. कायदा घरच्या माणसाला साक्षीला बोलावतो. दूरचित्रावरचा बनावट फौजदार म्हणतो, खोलीचे दार लावा, मुलाला सांगू नका, फोन बंद करू नका.

आपल्या समाजात ही बंद दाराची बाब विशेष गंभीर आहे. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा अमेरिकेत. घरी दोघे, पुष्कळदा एकच. आयुष्यभर पोलीस चौकीची पायरी न चढलेल्या माणसाला ‘तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे’ हे वाक्य पैशापेक्षा अब्रूच्या भयाने गाठते. असा माणूस बँकेत ठेव मोडायला जातो तेव्हा तेथील लिपिकाला संशय येऊ शकतो. पण त्याच्याआधी तो अनेकदा आपल्याकडे येतो. रक्तदाब विनाकारण चढलेला, दोन रात्री झोप नाही, नजर सारखी फोनकडे. आपण गोळी वाढवून देतो. व्यथेची पूर्वपीठिका विचारताना ‘फोनवरून कोणी धमकावीत आहे का?’ हा एक प्रश्न आपण आता ठेवायला हवा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविले पाहिजे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पळत असते आणि वाटेत असेतोच ती गोठविता येते. हृदयविकारातील पहिल्या तासाचे महत्त्व ज्यांनी समाजाला पटविले, त्यांना या तासाचे महत्त्व पटविणे जड जाऊ नये.

एक शब्द आपल्या क्षेत्रातलाच आणि आपणच गोंधळात ठेवलेला : आभा. रुग्ण आभा क्रमांक दाखवून मोफत उपचार मागतो, आणि स्वागतकक्षातली मुलगी त्याला कंटाळून परत पाठविते. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील हा चौदा आकड्यांचा क्रमांक म्हणजे आपल्या वैद्यकीय कागदपत्रांना एकत्र ओवणारा दोरा; त्याने एक रुपयाही मिळत नाही. पैसे मिळतात ते आयुष्मान कार्डाने, पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ते घेता येते. दोन्हींच्या नावांशी ‘आयुष्मान’ चिकटलेले असल्याने घोळ होतो. आभाशी जोडलेला अहवाल दुसऱ्या डॉक्टरला दिसण्यासाठी रुग्णाची संमती लागते, आणि आभा काढताना वा जोडताना बहुधा ओटीपी मागितला जातो. म्हणजे येथेही शिक्कामोर्तबच. तो आकडा घाईत मागून घेणारे आपले कर्मचारी रुग्णाला हे सांगतात काय?

आपल्या संघटनेने या शब्दांचे एक पानी पत्रक काढून प्रत्येक सभासदाच्या प्रतीक्षाकक्षात लावावे, अशी माझी सूचना आहे. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या टाइपात, तळाशी १९३०. मात्र ते संगणकतज्ज्ञाकडून लिहवून घेऊ नये, आणि डॉक्टरांकडूनही नको. मसुदा सत्तरी ओलांडलेल्या दोघा-तिघांपुढे ठेवावा, आणि ज्या ओळीवर ते थांबतील ती ओळ पुन्हा लिहावी.